बाऊलच्या बुडाला मधोमध एस आकाराची चीर – चूक कुठे होतेय?

ओली_माती
चाकावर स्टोनवेअरचे (जास्त तापाला भाजायच्या मातीचे) बाऊल करतोय. एकेकाला ५०० ग्रॅम माती, ओलं असताना तोंड साधारण १५ सेंमी. भिंत नीट चढते, काठही बरा येतो. पण बिस्क (पहिली भाजणी) काढली की दहातल्या तीन-चार बाऊलच्या बुडाला आतून एस अक्षरासारखी चीर. वाळलेले असताना काहीच दिसत नाही. बिस्क ९८० अंशांना, सुरुवातीपासून ताशी १५० अंश चढ. ताप फार झपाट्याने चढतोय का? आणि चीर बारीक असेल तर ग्लेझने (वरच्या काचेसारख्या लेपाने) बुजते का?

चाकधारी
ही चीर चाकावरच ठरलेली असते, भट्टीत ती उघडते एवढंच. भिंत ओढताना माती दोन बोटांमध्ये दाबली जाते. बुडाची माती मात्र गोळा उघडताना (मधे खड्डा पाडताना) नुसती बाजूला सरकते, तिच्यावर दाब असा येतच नाही. वर आत साचलेलं पाणी ती पीत बसते. म्हणजे बूड भिंतीपेक्षा मऊ, जास्त ओलं आणि बहुतेकदा जाडही. ते शेवटी आकसायला लागतं तोवर भोवतीची भिंत ताठ झालेली असते आणि जागा सोडत नाही. मग मधेच फाटतं. चाकामुळे मातीला पीळ बसलेला असतो, म्हणून चीर वळत जाते.

उपाय: गोळा उघडताना बूड १० मिमी जाड ठेवा, सुई टोचून मोजा. (खालून पायाचं कडं कोरणार नसाल तर ६ मिमी पुरे.) चाकाचा वेग कमी करा आणि भिंत ओढण्याआधीच बोटांच्या टोकांनी मधून कडेला आणि कडेकडून परत मधे, दाब देत चार-पाच वेळा फिरा. परतीचा दाब सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेकांचा राहून जातो. आकार देऊन झाला की रबरी रिबने (चपट्या पट्टीने) तेच पुन्हा करा. आतला वळसाही त्याने सलग येतो. आतलं पाणी प्रत्येक ओढीनंतर स्पंजने टिपायचं, शेवटी एकदाच नाही.

खापर
दाबाचं पटलं, पण वाळवण्याकडे कुणी बघतच नाही. बाऊल बॅटवर (चाकावर बसवलेल्या सुट्या फळीवर) तसाच सोडला की काठ दोन तासांत कडक होतो आणि बूड खाली चिकटलेलं, ओलंच. आकसताना त्याला सरकताही येत नाही. म्हणून चाकावरून उतरवण्याआधी बुडाखालून तार फिरवाच. बॅटवरच ठेवणार असाल तर काही वेळाने पुन्हा एकदा फिरवा, कारण ओली माती परत चिकटते. काठावर प्लॅस्टिकची पट्टी टाका. काठाला बोटाचा ठसा उठेनासा झाला की बाऊल लाकडी फळीवर पालथा घाला, म्हणजे बुडाला वारा लागेल.

ट्रिमिंगची (बुडाकडची जादा माती कोरण्याची) वेळ सालपटावरून कळते. लांब, न तुटणारी पट्टी निघाली तर वेळ बरोबर. हत्याराला चिकटतेय म्हणजे घाई झाली, भुगा पडतोय म्हणजे उशीर. कोरून झाल्यावर बूड आणि भिंतीचा खालचा भाग एकाच जाडीचे हवेत, ५ ते ६ मिमी.

शंखासारखा मळलेला गोळा आडवा ठेवायचा की उभा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. बूड नीट दाबलं असेल तर माझ्या मते त्याने फारसं बिघडत नाही. मळणं महत्त्वाचं आहे ते हवा आणि घट्ट-मऊ गाठी जाण्यासाठी. गोळा तारेने कापून बघा, कापलेल्या तोंडावर छिद्रं दिसली तर पुन्हा मळा.

भट्टीशेजारी
ताशी १५० अंश सुरुवातीला जास्तच आहे, पण त्याचा परिणाम वेगळा दिसतो. मातीत पाणी राहिलेलं असेल तर १०० अंशांच्या पुढे वाफ होऊन भांड्याचे कपचे उडतात. ९० अंशांवर दोन-तीन तास थांबा, मग पुढे न्या. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान अचानक बदलतं, तिथेही चढताना आणि उतरताना हळू. झाकण लवकर उघडू नका.

चीर कधीची आहे हे ग्लेझवरून ओळखता येतं. चिरेच्या दोन्ही कडांवर ग्लेझ गोल होऊन मागे सरकलं असेल, तर ग्लेझ वितळण्याआधीच ती होती. कडा काचेसारख्या धारदार असतील तर ती थंड होताना पडली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: वितळलेलं ग्लेझ चीर बुजवत नाही, तिच्यापासून मागे हटतं. शिवाय ग्लेझ भट्टीत माती आणखी आकसते, म्हणजे चीर रुंदच होणार. असा बाऊल खाण्यासाठी देऊ नका, चिरेत पाणी आणि अन्न मुरतं.

बिस्कच्या आधी तपासायचं तर वाळलेल्या बुडावर रॉकेलचा बोळा फिरवा. बाकीचा भाग भराभर सुकतो, चीर असेल तिथे काळसर रेघ मागे राहते. भट्टीत घालण्याआधी रॉकेल पूर्ण उडू द्या. रेघ दिसली तर बाऊल तोडून पाण्यात टाका, न भाजलेली माती पूर्ण विरघळते आणि परत वापरता येते.

ओली_माती
पाणी शेवटी एकदाच टिपत होतो आणि परतीचा दाब देतच नव्हतो. मोठ्या एका ढिगावरून लहान वाट्या काढतो तेव्हा चिरा जास्त येतात, तेही याचमुळे का?

चाकधारी
हो. तिथे बुडाखाली चाकाची कडक तबकडी नसते, मऊ माती असते. वरून दाबलं की तीच खाली दबते, बूड घट्ट होत नाही. ढिगाचा वरचा भाग आधी नीट मधोमध आणा, उघडण्यापूर्वी तळहाताने वरून दाबा आणि बूड जरा जाड ठेवून रिबने दुप्पट फेऱ्या करा. तरी चीर आलीच तर एक ओली वाटी तारेने उभी अर्धी कापा. बूड मधे फुगलंय की पातळ झालंय ते तिथल्या तिथे दिसेल. ढिगावरच्या वाट्यांत तार तिरकी गेल्याने बूड एका बाजूला जाड राहणं हे तर नेहमीचंच.