दुकानाच्या बोर्डवर स्टेशनरीचं स्पेलिंग: ए की ई?

दुकानदाराचीलेक:
आमचं शाळेसमोर छोटं दुकान आहे, वह्या पेनं कंपास चार्टपेपर झेरॉक्स असं सगळं. बाबांनी मागच्या महिन्यात नवीन बोर्ड करून घेतला, त्यावर पेंटरने स्टेशनरीच्या शेवटी ए-आर-वाय लिहिलंय. काल एक सर म्हणाले चुकलंय, ई-आर-वाय पाहिजे. मी मोबाइलवर ए वालं टाइप करून बघितलं तर खाली लाल रेघ येत नाही, मग तेही बरोबरच ना? बाबा म्हणतात राहू दे, लोकांना कळतंय. पण पोरं येताजाता तो बोर्ड वाचतात, मला ते बरं नाही वाटत. नुसतं हे बरोबर ते चूक नको, का ते पण सांगा प्लीज.

फिजिक्सवाला_नगर:
लाल रेघ येणारच नाही, दोन्ही शब्द खरे आहेत, अर्थ वेगळे. ए वाला म्हणजे जागचा न हलणारा, स्थिर. बारावीतल्या स्टेशनरी वेव्हज, जिममधली जागच्या जागी चालवायची सायकल, आणि जिओस्टेशनरी उपग्रह. हे उपग्रह विषुववृत्तावर साधारण ३५,७८६ किमी उंचीवर पृथ्वीच्या वेगानेच फिरतात त्यामुळे खालून बघणाऱ्याला एकाच जागी वाटतात, म्हणून तर टीव्हीची छत्री एकदा सेट केली की परत हलवावी लागत नाही. तुमच्या वह्या-पेनांचा ई वाला. उच्चार सारखाच, कानाला फरक कळत नाही.

मराठीचीमावशी:
याच्यात थोडी भर घालते कारण मला हा शब्द फार आवडतो. पूर्वी युरोपात फिरून माल विकणारे खूप, पण पुस्तकवाले एका जागी दुकान मांडून बसायचे, विशेष करून विद्यापीठांजवळ. एका जागी बसणारा म्हणून तो स्टेशनर. लंडनमध्ये १४०३ मध्ये त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. आता बेकर विकतो ती बेकरी म्हणतो ना आपण, बेकरच्या ई-आर ला वाय लागतो, तसंच स्टेशनरचा माल ती स्टेशनरी. बेकरी आठव, स्पेलिंग कधी चुकणार नाही.
म्हणजे मुळात दोन्ही शब्द एकाच घरचे, लॅटिनमधल्या उभं राहणे या धातूचे. आणि तो धातू आपल्या संस्कृत 'स्था'चा सख्खा नातेवाईक बरं का! स्थिर, स्थान, स्थानक, पोलीस ठाणं, सगळी तीच मंडळी. ठाणे शहराचं जुनं नाव श्रीस्थानक होतं, शिलाहारांच्या काळात. शाळेसमोर एका जागी बसून वह्या विकणारे तुझे बाबा तर अगदी मूळ अर्थाचे स्टेशनर झाले, त्यांना हे नक्की सांग.

दुकानदाराचीलेक:
मावशी, बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं 😊 पेंटरला फोन केलाय, एकच अक्षर आहे म्हणाला, रविवारी येतो.

फिजिक्सवाला_नगर:
छान. बिलबुक आणि रबरी शिक्का पण तपासून घ्या, बोर्डवरूनच उतरवलेलं असतं बऱ्याचदा.

दुकानदाराचीलेक:
बघितलं आत्ता. बिलबुक बरोबर आहे, शिक्क्यावर ए आहे. नवीन करायला टाकते.