मुलं घरीच शिकतात, सासूबाई सोबत येणार: फाल्गुनात एक दिवस कुठे काढावा?

दोघांची_आई (पुणे)

मोठी सात वर्षांची, धाकटा चारचा. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. त्याबद्दल पुन्हा वाद नको, त्यासाठी आपला जुना धागा आहे. नवऱ्याला येत्या गुरुवारी सुट्टी आहे आणि यवतमाळहून सासूबाई आल्यात. त्यांचं म्हणणं, "सहल काढा, पण पोरं शिकली काय ते संध्याकाळी मला सांगा." त्यांचे गुडघे दुखतात. धाकट्याला गाडी लागते. मला पळस फुललेला बघायचाय. रिसॉर्ट, वॉटर पार्क नको. शेतावर हुरडा मिळेल का अजून?

भीमथडी

हुरडा विसरा, ज्वारी काढणीला आली. भुलेश्वरला जा. सोलापूर रस्त्यानं यवतपर्यंत जायचं आणि तिथून डोंगराकडे वळायचं. यादवकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ आहे, आत ऐन उन्हातही गारवा. स्त्रीरूपातला गणपती बघायला विसरू नका. तिथून पुढं सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य, चिंकारा हमखास. परत येताना मोरगाव. एका दिवसात मस्त होतं.

टेकडीकर

भीमथडी, तुमचा बेत झकास आहे, पण तो तुमच्यासाठी. गाडी लागणाऱ्या चार वर्षांच्या पोराला अर्धा दिवस डांबरी रस्त्यावर घुमवून शेवटी लांबवर पळणारा एक तपकिरी ठिपका दाखवायचा, आणि सुप्याच्या माळावर सावली शोधायची. मोठी दहाची झाली की जरूर न्या.

ताई, वेताळ टेकडी. हसू नका. गुरुवारी सकाळी जाता येतं हीच तर तुमची चैन आहे. रविवारी तिथं माणसांचेच थवे असतात. नेहमीचे फिरणारे आठपर्यंत खाली उतरतात, मग टेकडी तुमची. माझी दोघं पण घरीच शिकतात आणि फाल्गुन-चैत्रात आमचा गणिताचा तास बहुतेक तिथंच भरतो (म्हणजे भरत नाही).

सासूबाईंना चढवू नका. कोथरूडकडून एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्यानं रिक्षा बरीच वर येते, पुढं वाट सपाट आहे. उजाडताना निघा. दहानंतर ऊन मी म्हणतं आणि वर दुकान-टपरी काही नाही, त्यामुळे पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.

आता काय दिसेल ते. गुलाबी फुलांनी लगडलेली, पान नसलेली झाडं बघून तुम्ही हरखून जाल आणि फोटो काढाल. ती उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प. मूळची मध्य अमेरिकेतली, इथं लागवड केलेली. बिया विषारी, धाकट्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. पळस तिथं कमी आहे, पण आहे. एक फुललेलं झाड सापडलं की पुढं जाऊच नका. चटई टाका. बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, खारी, सगळे त्याच झाडावर हजेरी लावतात. माझ्या मुलीनं एकदा नुसतं कोण कोणाला हाकलतं एवढंच बघत सकाळ काढली. मधमाश्याही असतात, तेव्हा अत्तर-बित्तर लावून येऊ नका आणि फांद्या हलवू नका.

पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा कांडोळ दिसला तर पोरांना हात लावू द्या, पण खोडालाच. फळांवर खाजरी लव असते. वावळाखाली कागदासारख्या चकत्यांचा खच पडतो. त्या फुंकून उडवायच्या, आणि मधलं बी सोलून खाता येतं. धाकटा तिथून हलणार नाही. टुक्-टुक् ऐकू आलं तर तांबट. दिसेपर्यंत मानेला रग लागेल.

दगडाच्या जुन्या खाणीशी मात्र हात घट्ट धरा, कडा उघड्याच आहेत. आणि कृपा करून कागद-पेन्सिल, "दहा पानं गोळा करा" असलं काही नेऊ नका. शाळा सोडायची आणि शाळेतलं सगळ्यात कंटाळवाणं तेवढं टेकडीवर न्यायचं, हे मला कधीच कळलेलं नाही.

निवृत्त_बाई

टेकडीकर, कागद-पेन्सिलीवर एवढा राग कशाला? पस्तीस पोरं सांभाळताना तीच उपयोगी पडते. दोनच असतील तर नको, हे मान्य.

बाळ, तू सासूबाईंना परीक्षक का करतेस? त्या यवतमाळच्या! पळस तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. त्यांनाच विचार, पत्रावळ कशी लावायची आणि होळीचा रंग कसा करायचा. खाली पडलेली फुलं उचलून आणा, झाडावरची तोडू नका. घरी उकळली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. थोडं दुसऱ्या वाटीत काढून चिमूटभर खायचा सोडा घाला, रंग गडद होतो. सात वर्षांच्या पोरीला तो का बदलला हे विचारत बसू दे, उत्तर लगेच देऊ नकोस.

भीमथडी

टेकडीकर, माळावर सावली नाही हे कबूल. पण चिंकाऱ्याला ठिपका म्हणालात ते लक्षात ठेवीन.

दोघांची_आई (पुणे)

सगळ्यांचे आभार. भुलेश्वर दिवाळीनंतर नक्की, हुरड्याच्या वेळेला जोडून.

बाईंचं वाचून सासूबाईंना पळसाचं विचारलं. तासभर बोलत होत्या. त्यांच्याकडे लग्नाच्या पंगतीच्या पत्रावळी घरीच लागायच्या आणि टाके घालायला कडुनिंबाच्या काड्या. आता संध्याकाळचा हिशेब कोण कोणाला देणार हे जरा अवघडच झालंय. फक्त एक सांगा: वाटेत लोक "आज शाळा नाही का?" विचारतात, तेव्हा मोठी हल्ली गप्प होते. तुम्ही काय करता?

टेकडीकर

आमचा मुलगा "आहे की, हीच" म्हणतो आणि समोरच्यालाच झाडाचं नाव विचारतो. बहुतेक आजोबा तिथून सटकतात. एखादे थांबतात आणि खरंच नाव सांगतात, मग अर्धा तास जातो. मोठीला उत्तर पढवू नका. तुम्हीच हसून "घरी शिकते" म्हणा आणि चालू लागा.

डब्यात दडपे पोहे न्या, सांडले तरी मुंग्यांची सोय. ताक उन्हात आंबतं, त्यापेक्षा काकड्या बऱ्या. आणि रिक्षावाल्याला परतीची वेळ आधीच सांगून ठेवा, वरून रिक्षा मिळत नाही.

दोघांची_आई (पुणे)

रिक्षा ठरवली, सहाला येतोय. काकड्या सासूबाई आणतायत, मीठ-तिखटाची पुडी त्यांचीच.