बाबांचं ऑपरेशन भूलवाल्या मॅडमनी ३ आठवडे पुढे ढकललं, मदत हवी आहे

घाईतला_मुलगा: सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हृदयाचा इको पण चांगला, तरी भूलेच्या तपासणीला मॅडमनी बाबांना खुर्चीतून उठवून चालवलं, हाताची पकड बघितली आणि म्हणाल्या फ्रेल आहेत, म्हणजे शरीर अशक्त झालंय, ३ आठवड्यांनी आणा. पोटात गाठ घेऊन थांबायचं कसं? सेकंड ओपिनियन कुठे घेऊ, लवकर सांगा.

झुळूक: कसली गाठ? वय? हिमोग्लोबिन?

घाईतला_मुलगा: ७८. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. एचबी ८.४. वजन ६ महिन्यांत ९ किलो उतरलंय पण माणूस खंबीर आहे.

तात्या_कोरेगाव: ८.४ ला तुम्ही नॉर्मल म्हणताय??

मालवणी_मसाला: आमच्या सासूबाईंचा गुडघा ८१ व्या वर्षी बदलला, कोणी चालवून बिलवून बघितलं नाही, आज टकाटक आहेत. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

भूलवाला: ताई, गुडघा वेगळा न् आतडं वेगळं. इको झोपवून काढतात, त्यात दम कळत नाही. न थांबता दोन जिने चढता आले तर साधारण ४ मेट्सची ताकद धरतो आम्ही, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या चौपट मेहनत शरीराला झेपते. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून परत बसायला किती सेकंद लागले? १२-१५ च्या वर गेलं की नंतर भ्रम होणं, न्यूमोनिया, अंथरूण धरणं हे सगळं वाढतं. हे ३ आठवडे फुकट घालवायचे नसतात, शिरेतून लोह, प्रोटीन, रोज चालणं, ते तीन गोळ्यांचं श्वास ओढायचं यंत्र. फक्त आतडं अडत असेल किंवा रक्त जात असेल तर थांबता येत नाही, हे सर्जनना आजच विचारा.

पॉलिसीवाला: मेडिक्लेमची मंजुरी नव्या तारखेला परत घ्यावी लागते बरं का, आमचे ४० हजार अडकले होते.

मालवणी_मसाला: नाचणीची पेज द्या, गूळ घालून. प्रोटीनची पावडर म्हणजे नुसता धंदा.

भूलवाला: पेजेतनं प्रोटीन कितीसं मिळणार? अंडी, पनीर, डाळ द्या.

घाईतला_मुलगा: कागदावर १९ सेकंद लिहिलंय. जिन्याचं माहीत नाही, घर तळमजल्यावर आहे. आत्ता आईला फोन केला तर म्हणते दोन महिने झाले, बाथरूमला भिंत धरून जातात. मी बंगळुरूला असतो, मला कोणी बोललंच नाही. सर्जनना मेसेज टाकलाय. पेज गूळ घालूनच द्यायची ना?

झुळूक: शुगर आहे का त्यांना?

घाईतला_मुलगा: हो, इन्सुलिन चालू आहे. का?