मदत हवी आहे : पीएचपीमध्ये कोणते एक्सेप्शन फेकावे?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतकरी गटासाठी मी पीएचपी या वेबसाइट बनवण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत कापसाच्या वजनाची नोंदवही तयार केली आहे. एका काकांच्या वावराचे क्षेत्र भरायचे राहून तिथे शून्य पडले आणि ऐन वेचणीच्या दिवसांत, क्विंटलला एकराने भागताना, सगळे पान कोरे झाले. पीएचपीच्या ७ व्या आवृत्तीत अशा भागाकारावर नुसती वॉर्निंग येत असे. ८ व्या आवृत्तीत मात्र ‘डिव्हिजनबायझिरोएरर’ फेकला जातो (म्हणजे चूक कळवली जाते आणि ती कोणी पकडली नाही तर काम तिथेच थांबते), आणि तो ‘एक्सेप्शन’च्या नव्हे तर ‘एरर’च्या शाखेतला असल्यामुळे फक्त ‘एक्सेप्शन’ पकडणाऱ्या माझ्या ‘कॅच’मध्ये सापडलाच नाही. या दोन्ही शाखांच्या वरचा ‘थ्रोएबल’ पकडल्यास दोन्ही सापडतात, पण त्यामुळे माझ्या कोडमधल्या चुकाही झाकल्या जातील आणि ते मला नको आहे.

म्हणून भागाकारापूर्वीच क्षेत्र तपासायचे ठरवले आहे. ‘इनव्हॅलिडआर्ग्युमेंटएक्सेप्शन’ सोयीचे वाटते, परंतु ते ‘लॉजिकएक्सेप्शन’खाली येते, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या चुकीसाठी, इथे तर चूक भरलेल्या माहितीत आहे. मग ‘रनटाइमएक्सेप्शन’खालचे ‘अनएक्स्पेक्टेडव्हॅल्यूएक्सेप्शन’ वापरावे, की स्वतःचा एक्सेप्शन क्लास लिहावा? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया कारणासह सांगावे.