मग खोली का जळत नाही?

माणूस आपोआप पेटतो असं मानणारे विचारतात, माणसाची राख होते आणि खोली शाबूत, मग आग आतूनच लागली असणार ना? मला नाही पटत. उलटी मेणबत्ती डोळ्यांसमोर आणा: वात बाहेर, म्हणजे कपडे, मेण आत, म्हणजे चरबी. सिगारेटची ठिणगी पडते, कातडी फाटते, चरबी वितळून कापडात मुरते आणि बुटकी ज्योत तासन् तास जळते. भिंतींवर नुसती तेलकट काजळी. १९९८ साली आगींचा तपास करणारे तज्ज्ञ जॉन डिहान यांनी हेच करून पाहिलं: मेलेलं डुक्कर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, थोडं पेट्रोल टाकून पेटवलं. हाडांचाही भुगा झाला. १९५१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात अशाच जळून गेलेल्या मेरी रीझर यांचं सपातेतलं पाऊल तेवढं शाबूत राहिलं. झोपेच्या गोळ्या घेतलेल्या, हातात सिगारेट, घरात एकट्या. गूढापेक्षा हे एकटेपण मला जास्त अस्वस्थ करतं.