खोली नाकारणं, धमकी आणि महापालिकेचं मत : मराठवाड्यातल्यांनी आपापल्या कामातलं लिहा

प्रचारात नळ, नाली, रस्ता एवढंच चालतं. जात किंवा धर्म बघून खोली नाकारणं, वस्तीला मतासाठी धमकावणं, दिव्यांगांचा निधी पडून राहणं, हेही शहराचेच प्रश्न. हकिकती नकोत. काय करावं आणि कुठं अडतं, ते लिहा.

नांदेड, यादीचं काम
राज्य निवडणूक आयोग नवी यादी करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतो. म्हणून प्रारूप यादीवर हरकत घेऊन नवं नाव लागत नाही. प्रभाग चुकला, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव गळालं, लेखनिकाची चूक झाली, एवढंच दुरुस्त होतं. नव्या नावाला फॉर्म 6, पत्ता किंवा लिंगाच्या नोंदीत बदल असेल तर फॉर्म 8, तेही आधीच. 15 जानेवारी 2026 च्या मतदानाला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. दिवाळीनंतर जागे झालेले बाहेरच राहिले. अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात गेली असेल तर प्रत्येकाचा यादीभाग आणि अनुक्रमांक लिहून अर्ज एकगठ्ठा द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

परभणी, मतदान केंद्र
सगळ्यात जास्त गोंधळ इथंच. बहुतेक प्रभाग चार जागांचे, म्हणजे चार मतं. यंत्रावर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची : अ जागेची पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी, ड ची फिकी निळी. लोक एक बटण दाबून निघतात. पण चारही जागांचं झाल्याशिवाय मत पूर्ण होत नाही. एखाद्या जागेला कुणीच नको तर त्या जागेचं नोटा दाबा. आणि राखीव जागा ही उमेदवारापुरती राखीव असते हो, मत प्रभागातल्या प्रत्येकानं द्यायचं! ‘ती आपली जागा नाही’ म्हणून सोडणारे दर वेळी भेटतात.

बीडवरून
नगरपरिषदेत हिशोब वेगळा बरं का. एक मत नगराध्यक्ष निवडायला, बाकी मतं प्रभागातले सदस्य निवडायला.

छत्रपती संभाजीनगर, भाड्याच्या खोल्या
घरमालकाला सरसकट लागू होईल असा एकच कायदा नाही, म्हणून कारण नेमकं पकडावं लागतं. अस्पृश्यतेच्या कारणानं राहायला जागा नाकारली तर नागरी हक्क संरक्षण कायदा 1955. तृतीयपंथी व्यक्तीला नाकारली तर 2019 चा कायदा, एचआयव्हीवरून नाकारली तर 2017 चा. धर्मावरून नाकारल्यास हात बरेच तोकडे पडतात, हे आधीच सांगितलेलं बरं. तोंडी नकार टिकत नाही. दलालाचा मेसेज, जाहिरातीचा फोटो, तारीख जपा. जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर मात्र सामाजिक बहिष्कार कायदा 2016 थेट लागतो : 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

लातूर, कायदा मदत
अनुसूचित जाती-जमातीच्या मतदाराला ‘मत देऊ नको’ किंवा ‘यालाच दे’ म्हणून धमकावणं हा अॅट्रॉसिटीचा गुन्हा आहे, कलम 3(1)(एल). साधी अदखलपात्र नोंद करून घरी पाठवलं तर ते मान्य करू नका. तोंडी फिर्याद लिहून घेणं, वाचून दाखवणं आणि प्रत फुकट देणं पोलिसांना बंधनकारक आहे. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं पाठवा. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडं जात नाही. प्रकरण रेंगाळलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीकडं अर्ज करा. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. फिर्यादीत जात, ठिकाण, वेळ, नेमके शब्द आणि साक्षीदार हवेतच. ‘शिवीगाळ केली’ एवढ्यावर केस कच्ची राहते.

जालना
उमेदवाराला ‘समतेबद्दल काय मत?’ विचाराल तर भाषण ऐकाल. त्यापेक्षा विचारा : दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी गेल्या वर्षी किती खर्च झाला? पालिकेच्या दवाखान्यात रॅम्प कधी? सफाई कामगारांना हातमोजे, गमबूट कुणाच्या सहीनं मिळतात? उत्तर कागदावर घ्या. निवडून आल्यावर तोच आकडा माहिती अधिकारात मागा : 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. प्रश्न ‘का’ असा विचारू नका, ‘नोंदीची प्रत द्या’ असं लिहा, नाहीतर अर्ज तिथंच फेटाळतात.