‘ओगर’ मंडळासाठी घ्यावा का?

प्रेषक: मृण्मयी (कार्यकारिणी)

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या बैठ्या खेळांच्या दुपारी कॅरम, रमी आणि बुद्धिबळ आहेतच. यंदा हायस्कूलच्या मुलांनी ‘ओगर’ मागितलाय. भविष्यातलं युद्ध, षटकोनी घरांचा नकाशा, पाळीपाळीने चाली, असं काहीतरी आहे म्हणे. आपल्यातले एक सभासद त्यांच्याकडचा मोठा खोका मंडळाला द्यायला तयार आहेत, पण फुकट नाही. पैसे घालण्यासारखा खेळ आहे का? ज्यांनी खेळलाय त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही लिहा. नुसतं ‘मस्त आहे’ नको.

मृण्मयी

---

प्रेषक: सुहासकाका

मृण्मयी,

हा खेळ आपल्याच गावचा, तेव्हा थोडं लांबण लागेल. स्टीव्ह जॅक्सनने तो बेतला आणि १९७७ साली इथे ऑस्टिनमधल्याच मेटागेमिंग कंपनीने २.९५ डॉलरला विकायला काढला. त्या काळी युद्धाचा खेळ म्हणजे शेकड्यांनी सोंगट्या, जाडजूड नियमपुस्तक आणि अख्खा रविवार. हा मात्र तासाभरात संपतो. (१९९० च्या मार्चमध्ये सीक्रेट सर्व्हिसने जॅक्सनच्या कंपनीवर छापा घातला होता. ते प्रकरण दुसऱ्याच खेळावरून झालं. पॉटलकला कुणी विचारलं तर सांगेन.)

काळ २०८५ चा. एका खेळाडूकडे फक्त एक सोंगटी असते: ओगर, म्हणजे आत माणूस नसलेला, स्वतःच्या डोक्याने लढणारा अजस्र रणगाडा. दुसऱ्याकडे बारा चिलखती तुकड्या आणि माऱ्याचे एकूण वीस अंक भरतील एवढं पायदळ. ओगरने नकाशा ओलांडून मागचा कमांड पोस्ट उडवायचा आणि जमलं तर आल्या वाटेने जिवंत परत जायचं.

खरी करामत अशी की ओगर एका फटक्यात मरत नाही. मार्क ३ जातीच्या ओगरला एक मुख्य तोफ, चार दुय्यम तोफा, पायदळावर चालणाऱ्या आठ बंदुका, दोन क्षेपणास्त्रं आणि ज्यांवर तो चालतो असे ४५ पट्टे असतात. सगळ्यांच्या चौकटी कागदावर छापलेल्या. जे फुटेल ते खोडायचं. त्यामुळे बचाव करणाऱ्याला प्रत्येक गोळ्याआधी ठरवावं लागतं, तोफ फोडू की पट्टे तोडू? सगळ्या तोफा फोडल्या तरी तो चालत राहतो आणि कमांड पोस्ट नुसता चिरडून टाकतो. पट्टे तोडावेत, तर १५ गेल्यावर त्याची चाल तीन घरांवरून दोनवर येते, ३० गेल्यावर एकवर, आणि ४५ गेले की तो जागीच बसतो. पण तोवर त्याच्या तोफा शाबूत असतात आणि तुमची माणसं मरत असतात.

त्यातही एक खोच आहे. तोफेवर मारा करताना तुकड्यांना ताकद एकत्र करता येते. मुख्य तोफेचा बचाव ४, जड रणगाड्याचा मारा ४. एकट्या रणगाड्याने मारलं तर १:१, म्हणजे फाशावर ५ किंवा ६ पडलाच पाहिजे. तिघांनी मिळून मारलं की ३:१, मग ३ पासून पुढे काहीही चालतं. पट्ट्यांवर मात्र प्रत्येकाने स्वतंत्र मारायचं आणि तेही कायम १:१ ने. एवढ्याशा नियमामुळे तोफांमागे लागणारा खेळाडू तुकड्या जवळजवळ ठेवतो आणि पट्ट्यांमागे लागणारा पांगवतो. नकाशा बघूनच समोरच्याचा बेत ओळखू येतो.

ओगरवाल्याची अडचण क्षेपणास्त्रांची. ती दोनच. हॉवित्झरवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या तोफेवर, सोडलं तर फासासुद्धा टाकावा लागत नाही, तो गेलाच. पण हॉवित्झरचा पल्ला आठ घरांचा, क्षेपणास्त्राचा पाच. म्हणजे तिथवर मार खात पोचायचं आणि तोपर्यंत मोह आवरायचा. वासवी शक्ती या वेळी घटोत्कचाच्याच हातात आहे म्हण.

दोष ओंकार लिहील. त्याला हौस आहे.

सुहासकाका

---

प्रेषक: ओंकार

काका, हौस कसली, साधा हिशेब आहे.

या खेळात जीईव्ही नावाची गाडी आहे. हवेच्या गादीवर धावते. ती चार घरं पुढे येते, दोन घरांवरून मारते, आणि मारून झाल्यावर पुन्हा तीन घरं पळून जाते. मारल्यानंतर पळायची ही मुभा दुसऱ्या कुठल्याच तुकडीला नाही. आणि बारा तुकड्यांच्या मोजणीत ती जड रणगाड्याइतकीच, एकच धरतात.

आता बाराच्या बारा जीईव्ही घेऊन बघा. दोन घरांवरून मारलं आणि तीन मागे सरकलं की अंतर पाच. ओगर तीन घरं चालला की दोन उरतं. त्याची मुख्य तोफ आणि दुय्यम तोफा पोचतात. क्षेपणास्त्रं बाजूला ठेवली तर या सगळ्यांनी मिळून एका पाळीत सरासरी दोनाहून कमी गाड्या फुटतात. उलट बारा गाड्या पट्ट्यांवर दोन-दोनचा मारा करतात, तिघींपैकी एकीचा लागतो, म्हणजे पाळीला सरासरी आठ पट्टे. दोन-तीन पाळ्यांत ओगरची चाल दोनवर. आता अंतर तीन राहतं, तिथे दुय्यम तोफा पोचतच नाहीत, फक्त मुख्य तोफ. चाल एकवर आली की अंतर चार, आणि मग क्षेपणास्त्र शिल्लक असलं तरच त्याचं काही चालतं. म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन पाळ्या निभावल्या की पुढे त्याला टोचत बसायचं, एवढंच काम.

काका ज्या निर्णयाचं कौतुक करतायत, तोफ की पट्टे, तो इथे संपला. उत्तर कायम पट्टे. हॉवित्झर, क्षेपणास्त्र-रणगाडे, जड रणगाडे नुसते डब्यात पडून राहतात.

दुसरी तक्रार ओगरवाल्याच्या बाजूने. त्याच्या हातात ठरवण्यासारखं फार नसतं. एक सोंगटी, तीन घरं, कुणावर मारायचं ते सांगा. सुरुवातीलाच दोन-तीन मोक्याचे फासे पडले नाहीत तर उरलेला अर्धा तास आपला ओगर लंगडत चाललेला बघत बसायचं. नकाशाही एकच, खड्डे आणि ढिगारे. यात काही लपवलेलं नसतं, सगळं उघड्यावर. मला त्यापेक्षा १९७८ चा पुढचा भाग, ‘जी.ई.व्ही.’, जास्त आवडतो. त्यात नदी, जंगल, शहरं आहेत. जीईव्ही पाण्यावरूनही धावते पण शहरात दडलेल्या पायदळापुढे तिचं फारसं चालत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडीला काहीतरी काम उरतं. नियम वाढतात हे खरं, पण आपली मुलं चौदा-पंधरा वर्षांची आहेत, त्यांना झेपेल.

मोठ्या खोक्याबद्दल: २०१२ मध्ये त्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर २०,००० डॉलर मागितले होते, ५,५१२ जणांनी ९,२३,६८० दिले. परिणामी खोका फुगत फुगत पंचवीस पौंडांच्या वर गेला. पुठ्ठ्याचे उभे ओगर जोडायला मजा येते, दिसतातही देखणे. पण आपल्याला त्यातल्या किती गोष्टी लागणार? २०१३ मध्ये खिशातली आवृत्ती पुन्हा जुन्याच किमतीला, २.९५ ला काढली होती. खेळ तोच. कॉम्प्युटरवरचा २०१७ चा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर आहे. घरी सराव करायचा असेल त्यांनी बघा, पण जमून खेळायच्या दुपारी पुन्हा स्क्रीन नको.

ओंकार

---

प्रेषक: शुभांगीताई

एवढं सगळं वाचलं. बटाटेवडे किती जणांचे करायचे ते कुणीच लिहिलं नाही.

---

प्रेषक: सुहासकाका

> उत्तर कायम पट्टे.

ओंकार, गणित बरोबर आहे, फक्त ते मोकळ्या मैदानातलं आहे. मांडणीचा नियम तू गाळलास. नकाशाच्या पुढच्या भागात माऱ्याचे एकूण वीसच अंक ठेवता येतात. दहा जीईव्ही तिथे मांडल्यास की कोटा भरला. पायदळ सगळं मागे. आणि ओगरवाला तुझी मांडणी बघून मग ठरवतो की दक्षिणेच्या कडेवर कुठून शिरायचं. तुझ्या गाड्यांना खड्डे आडवे येतात, त्यालाही येतात, पण ढिगाऱ्यांवरून तो सरळ जातो.

शिवाय तू फक्त फुटलेल्या गाड्या मोजल्यास. ठप्प झालेल्या कुठे गेल्या? १:१ ला तीनातली एक गाडी ठप्प होते. ती तिथेच अडकते आणि पुढच्या पाळीत ओगर तिच्या अंगावरून जातो. हरणारा ओगर मी बहुतेक वेळा एकाच कारणाने हरताना पाहिलाय: पळणाऱ्या गाडीमागे तो वाट वाकडी करतो. गाड्यांकडे न बघता कमांड पोस्टकडे चालत राहिलं की त्यांनाच त्याच्यासमोर यावं लागतं, मागून येऊन भागत नाही.

तरीही बारा जीईव्हींचा डाव कंटाळवाणा होतो हे मला मान्य आहे, कोण जिंकतो ते सोडून दे. म्हणून आधीच ठरवू: सहापेक्षा जास्त जीईव्ही घ्यायच्या नाहीत. आणि एकच डाव खेळून हार-जीत धरायची नाही. बाजू बदलून दुसरा खेळायचा, ज्याचा ओगर जास्त पुढे गेला तो जिंकला. फासा रुसण्याची तुझी तक्रारही त्यात बरीचशी मिटते. अर्धा तास लंगडणं राहीलच. पण नवख्या मुलाच्या हाती ओगर दिला तर त्याला एकच सोंगटी सांभाळायची असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी तो खेळू शकतो. बारा तुकड्या आणि पायदळ देऊन बघ, गोंधळून जाईल. तुला जे कमी वाटतं ते शिकवणाऱ्याला सोयीचं आहे.

‘जी.ई.व्ही.’ चांगला आहे यात वाद नाही. पण त्याचे नियम समजावेपर्यंत वडे संपतील.

मोठा खोका घेऊ नये, या बाबतीत मी ओंकारच्या बाजूचा. सभासदांनी रागावू नये. दर वर्षी तो कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचा यावरच आपली कार्यकारिणी फुटेल.

सुहासकाका

---

प्रेषक: ओंकार

काका, सहाची अट मान्य. ठप्प गाड्यांचं मी धरलं नव्हतं हेही खरं, तरी निकाल फार बदलेल असं वाटत नाही. बाजू बदलून खेळायचं असेल तर पहिला ओगर तुमचा.

मार्क ५ काढायचा का? त्याला दोन मुख्य तोफा, सहा दुय्यम, सहा क्षेपणास्त्रं, ६० पट्टे. समोर वीस तुकड्या आणि तीस अंकांचं पायदळ. मोठ्यांसाठी एक टेबल तसं लावता येईल.

---

प्रेषक: मृण्मयी (कार्यकारिणी)

ठरलं तर मग. मोठा खोका घेत नाही, त्या सभासदांना मी स्वतः फोन करते. खिशातल्या दोन प्रती काका आणि ओंकार आणतायत. एका टेबलावर मुलांसाठी मार्क ३, सहा जीईव्हींच्या अटीसह. दुसऱ्यावर मार्क ५, काका विरुद्ध ओंकार, दोन डाव, बाजू बदलून. ओगरच्या कागदांच्या झेरॉक्स मी काढते, पेन्सिली आणि खोडरबर आपापले आणा. नकाशावर चहाचे कप ठेवायचे नाहीत.

शुभांगीताई, साधारण चाळीस जण धरा. दुपारी दोनला सुरू करू. आणि गेल्या वेळी कॅरमचा एक स्ट्रायकर कुणाच्या तरी खिशातून घरी गेलाय, तो कृपया परत आणा.

मृण्मयी